पंख्याचा रेग्युलेटर कोणत्या मोटारीला चालतो आणि कोणती मोटार जाळतो?

तांब्याची_तार

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंग करतो. अलीकडे दुकानात एकाच पद्धतीने जळालेल्या मोटारी फार यायला लागल्यात. अर्धा एचपी, सिंगल फेज, कंडेन्सर स्टार्ट. कव्हर काढलं की रनिंग वाइंडिंग बऱ्यापैकी शाबूत आणि स्टार्टिंग वाइंडिंगचा कोळसा. विचारलं की उत्तर एकच: "स्पीड जास्त होता म्हणून डिमर लावला." ऑनलाइन '४००० वॅट' छापलेली तळहाताएवढी पाटी स्वस्तात मिळते. तिच्यावर एक ट्रायॅक आणि एक नॉब. गिऱ्हाईक विचारतं, घरातला पंखा याच वस्तूने हळू होतो, मग माझी मोटार का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. काउंटरवर उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपला सप्लाय ५० हर्ट्झचा. एक पूर्ण लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. ट्रायॅक हा दोन्ही दिशांनी करंट जाऊ देणारा स्विच. गेटला, म्हणजे त्याच्या चालू करायच्या पायाला, छोटासा झटका मिळाला की चालू होतो आणि मग गेट सोडलं तरी चालूच राहतो. त्यातून जाणारा करंट शून्याजवळ आला की मगच बंद होतो. एसीमध्ये करंट दर अर्ध्या लाटेला शून्यावर येतोच, त्यामुळे बंद करण्यासाठी वेगळं काही लागत नाही. पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तसं समजा. दार उशिरा उघडलं तरी पाळी संपायची वेळ तीच, त्यामुळे जितका उशीर तितकं पाणी कमी. इथे ही पाळी सेकंदाला शंभर वेळा येते.

मेन स्विच पाडून एखादा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर उघडून बघा. तीन पायांचा काळा ट्रायॅक असेल, बहुतेक बीटी१३६. काचेच्या डायोडसारखा दिसणारा छोटा निळा डायॅक, त्यावर डीबी३. एक ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्यावर १०४ छापलेलं. आणि नॉबला जोडलेला पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स, २५० किंवा ५०० किलोओहमचा. काम असं चालतं: पॉटमधून कंडेन्सर भरत जातो. त्याच्यावर साधारण ३२ व्होल्ट झाले की डायॅक एकदम उघडतो, कंडेन्सर गेटमध्ये रिकामा होतो आणि ट्रायॅक चालू. पॉटचा रेझिस्टन्स वाढवला की कंडेन्सर सावकाश भरतो, म्हणजे ट्रायॅक उशिरा उघडतो. नॉब फिरवताना आपण खरं तर हा उशीर फिरवत असतो.

किती उशिराला किती व्होल्ट? २३० व्होल्टचा सप्लाय आणि बल्ब-हीटरसारखा साधा लोड धरला तर ३.३ मिलिसेकंदांच्या उशिराला सुमारे २०६ व्होल्ट मिळतात, ५ ला १६३ आणि ६.७ ला १०२. बघा, अर्धी लाट कापली तरी व्होल्टेज निम्मं होत नाही. मात्र नॉबच्या मधल्या पट्ट्यात थोड्या फिरवण्याने खूप फरक पडतो.

आता मूळ मुद्दा. ट्रायॅक व्होल्टेज कमी करतो, फ्रिक्वेन्सी नाही. फ्रिक्वेन्सी ५० ची ५० च राहते. इंडक्शन मोटारीचा वेग बांधलेला असतो तो फ्रिक्वेन्सीला आणि पोलला. १२० गुणिले ५०, भागिले पोल. चार पोलच्या मोटारीत चुंबकीय क्षेत्र १५०० आरपीएमने फिरतं, रोटर (फिरणारा भाग) लोडवर साधारण १४४० ने. तुम्ही व्होल्टेज निम्मं केलंत तरी ते क्षेत्र १५०० नेच फिरत राहतं. पडतो तो टॉर्क, आणि तो व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. निम्मं व्होल्टेज, पावपट टॉर्क.

ज्या मशीनला हळू फिरतानाही तेवढाच जोर लागतो (शेवया, गिरणी, कन्व्हेअर, मळणी) तिथे मोटार कमी टॉर्कमुळे मागे पडते, जास्त करंट ओढते, तापते. कंडेन्सर स्टार्ट मोटारीत आणखी एक गोष्ट होते. तिच्या आत शाफ्टवर सेंट्रिफ्युगल स्विच असतो. मोटार तिच्या वेगाच्या ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की तो 'टक्' करून स्टार्टिंग वाइंडिंग तोडतो. वेग त्याच्या बराच खाली आला की तो परत जोडला जातो. ही वाइंडिंग बारीक तारेची, दोन-चार सेकंदांपुरती बनवलेली. डिमरवर हळू फिरणाऱ्या मोटारीत ती सतत सप्लायवर राहते. कोळसा होतो तो असा.

पंखा मात्र का ऐकतो, ते कुणी जाणकाराने लिहावं. माझं ज्ञान टेबलावरचं आहे, समीकरणांचं नाही.

---

आयटीआयमास्तर

तार, उत्तम लिहिलंत. हे माझ्या मुलांना वाचायला देणार आहे. पंख्याचं मी सांगतो.

छताचा पंखा हीसुद्धा इंडक्शन मोटारच, पण कायम कंडेन्सरवाली. तिच्यात सेंट्रिफ्युगल स्विच नाही, २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कायम सर्किटमध्ये. पोल पुष्कळ, चौदा, सोळा किंवा अठरा. चौदा पोलला क्षेत्राचा वेग ४२८ येतो, अठराला ३३३. म्हणून पंखा मुळातच संथ.

खरी गोम रोटर आणि पातं या दोघांत आहे. पंख्याचा रोटर मुद्दाम जास्त रेझिस्टन्सचा करतात. साध्या मोटारीत जास्तीत जास्त टॉर्क पूर्ण वेगाच्या थोडा खाली मिळतो आणि त्याच्याखाली ती घसरली की सावरत नाही, थेट बसते. जास्त रेझिस्टन्सच्या रोटरमध्ये वेग कमी होत जातो तसा टॉर्क वाढत राहतो, त्यामुळे मधल्या कुठल्याही वेगाला मोटार स्थिर राहू शकते. दुसरं पातं. हवा ढकलायला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाने बदलतो. निम्म्या वेगाला पावपट टॉर्क पुरतो. व्होल्टेज निम्मं केल्यावर मोटारीचा टॉर्क पावपट, आणि पात्याची मागणीही पावपटीला उतरायला तयार. हे दोन वर्ग एकमेकांना भेटतात म्हणून रेग्युलेटर चालतो.

उष्णतेचं गणितही इथे सुंदर आहे. रोटरमध्ये जळणारी पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले घसरण, म्हणजे क्षेत्राच्या वेगाच्या मानाने रोटर किती मागे आहे ते. शेवयाच्या मशीनसारखा टॉर्क कायम राहणारा लोड असेल तर घसरण वाढेल तशी उष्णता सरळ वाढत जाते. निम्म्या वेगाला रोटरकडे आलेल्या पॉवरपैकी अर्धी त्याच्यातच जळते. पंख्याला मात्र घसरण वाढली की टॉर्कची मागणीच झपाट्याने घटते. गणित केलं तर रोटरची उष्णता क्षेत्राच्या वेगाच्या दोन तृतीयांशाला सर्वांत जास्त येते आणि त्याखाली परत उतरते. म्हणजे पंख्याची सर्वांत कठीण वेळ एक नंबरवर नसते, मधल्या नंबरांवर असते.

मुलांना मी एवढंच पाठ करायला सांगतो: हवा ढकलणारी मोटार ट्रायॅकवर चालेल, वस्तू ढकलणारी नाही.

---

जुगाडू_सोलापूर

माझ्याकडे कूलरचा पंखा, एक्झॉस्ट फॅन आणि ड्रिल मशीन, तिन्ही अशाच पाटीवर चालतात. काही जळलं नाही. उगाच लोकांना घाबरवू नका.

---

तांब्याची_तार

जुगाडू, कूलर आणि एक्झॉस्ट दोन्ही हवाच ढकलतात, मास्तरांनी सांगितलं तेच. आणि ड्रिल ही इंडक्शन मोटारच नाही.

ड्रिल, मिक्सर, हातातला ग्राइंडर, शिलाई मशीनची छोटी मोटार, या सगळ्या कार्बन ब्रशच्या. यांना युनिव्हर्सल मोटार म्हणतात, त्या एसीवर चालतात तशा डीसीवरही. यांच्या वेगाचा फ्रिक्वेन्सीशी संबंध नाही. वेग ठरतो व्होल्टेज आणि लोड यांवर. म्हणून ट्रायॅक यांना मनापासून मानवतो. ड्रिलचा ट्रिगर हळू दाबल्यावर ड्रिल हळू फिरतं, कारण त्या ट्रिगरमध्येच हे सर्किट भरलेलं असतं. मिक्सरचे १-२-३ मात्र बहुतेक मॉडेलांत ट्रायॅकचे नसतात. फील्ड वाइंडिंगमधून वेगवेगळ्या जागी टॅप काढलेले असतात.

एक त्रास उरतो. साध्या ट्रायॅकवर ड्रिल हळू केलं आणि लाकडात घातलं की ते दबतं. त्यावर एक जुनी आणि फार हुशार पद्धत आहे, अर्ध्या लाटेच्या एससीआरची. एससीआर एकाच दिशेने चालतो. दुसऱ्या अर्ध्या लाटेत तो बंद असताना मोटार मात्र फिरतच असते आणि लोखंडातल्या उरलेल्या चुंबकत्वामुळे थोडं उलट व्होल्टेज देते. सर्किट हे व्होल्टेज गेटच्या व्होल्टेजशी ताडून बघतं. लोडमुळे मोटार मंदावली की उलट व्होल्टेज घटतं, एससीआर लवकर उघडतो, मोटारीला जास्त ताकद मिळते. ना सेन्सर, ना चिप. वॉशिंग मशीनमध्ये हेच काम टॅको कॉइल आणि टीडीए१०८५ सारखी चिप करायची. ती मोटारीचा वेग प्रत्यक्ष मोजून ट्रायॅकची वेळ बदलते.

---

जुगाडू_सोलापूर

ओके, हे माहीत नव्हतं. ४००० वॅट खरं असतं का पण?

---

आयटीआयमास्तर

हिशोब करून बघा. ४००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला १७ अँपिअरच्या वर करंट. चालू ट्रायॅकवर एक ते दीड व्होल्ट पडतातच. म्हणजे वीस वॅटच्या आसपास उष्णता त्या एका ट्रायॅकमध्ये. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. पाटीवरची अॅल्युमिनियमची चिमुकली पट्टी ही उष्णता बाहेर टाकू शकेल का, तुम्हीच सांगा. ४००० हा ट्रायॅकच्या डेटाशीटमधल्या करंटवरून काढलेला आकडा आहे. मी असली पाटी वर्गात आणली तर चार-पाचशे वॅटच्या पुढे जाऊ देत नाही.

---

रात्रपाळी

माझा प्रश्न साधा आहे. वडिलांच्या खोलीत पंखा एक-दोन नंबरवर असला की रात्री घूंऽऽ असा आवाज येतो. पाचवर काही नाही. वडील हार्टचे पेशंट, त्यांना वारा कमी लागतो आणि झोपही लागायला हवी. पंखा बदलू की रेग्युलेटर?

---

मध्यमलहर

रात्रपाळी, त्या खोलीत मीडियम वेव्हवर रेडिओ लावून बघा. नॉब मधे असताना आकाशवाणीऐवजी खरखर येत असेल तर रेग्युलेटर ट्रायॅकचा आहे याची खात्री पटेल. ट्रायॅक एका मायक्रोसेकंदाच्या आसपास उघडतो. शेकडो व्होल्टची उडी इतक्या कमी वेळात झाली की वायरिंग अँटेना होऊन बसतं. चांगल्या रेग्युलेटरमध्ये यासाठी फेराइटवर गुंडाळलेला चोक आणि एक कंडेन्सर असतो. स्वस्त मालात सर्वांत आधी हेच वगळतात. सकाळी आकाशवाणी सांगली लावणाऱ्या घरात हा फरक लगेच कळतो. माझ्यासारख्यांना त्याने फार त्रास होतो. घेताना चोक आहे का, हे विचारत जा.

---

आयटीआयमास्तर

रात्रपाळी, पंखा बदलू नका, रेग्युलेटर बदला. पूर्ण लाट गोल असते. कापलेल्या लाटेत १५०, २५०, ३५० हर्ट्झचे तुकडे मिसळतात. या तुकड्यांनी पंखा फिरत नाही, नुसता थरथरतो. स्टेटरच्या (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या) पट्ट्या, पात्यांचे स्क्रू, छताचा हुक, जे जे सैल असेल ते गुणगुणायला लागतं. पाच नंबरवर लाट जवळजवळ पूर्ण असते म्हणून तिथे शांतता.

दुकानात जाऊन कपॅसिटर टाइप, स्टेपवाला रेग्युलेटर मागा. नॉब सलग फिरत नाही, टक-टक करत ठरलेल्या जागी बसतो. आत दोन-तीन कंडेन्सर असतात, वेगवेगळ्या नंबरला ते वेगवेगळ्या जोडणीने पंख्याच्या सिरीजमध्ये येतात. कंडेन्सर लाट कापत नाही, लाट गोल ठेवून व्होल्टेज उतरवतो. त्यामुळे गुणगुण नाही, रेडिओत खरखर नाही आणि कंडेन्सर स्वतः फारसा तापत नाही. मधला वेग मिळत नाही एवढंच. झोपण्याच्या खोलीसाठी मी याशिवाय दुसरं काही सुचवणार नाही.

---

रात्रपाळी

मास्तर, मनापासून आभार. उद्याच आणतो. वीज वाचते का हो हळू पंख्याने? घरात यावरून रोज वाद असतो.

---

आयटीआयमास्तर

वाचते. पूर्वीचा चौकोनी मोठा डबा आठवतो? त्यात रेझिस्टन्सची तार होती. एक नंबरवर डबा हाताला चटका द्यायचा, म्हणजे पंख्याची न वापरलेली बरीचशी वीज तिथे जळत होती. त्यातही एकूण वीज थोडी कमी लागायची, पण फार नाही. ट्रायॅक आणि कंडेन्सर दोन्हींत असं जाळणं नाही. पंखा हळू म्हणजे मीटरही हळू.

---

डिप्लोमा_थर्ड_इयर

सर, प्रोजेक्टसाठी आर्डुइनो कंट्रोलर बोर्डवर पंख्याचा स्पीड कंट्रोल करतोय. झिरो क्रॉसिंगचा (व्होल्टेज शून्य ओलांडल्याचा) पल्स दर १० मिलिसेकंदांनी व्यवस्थित येतो. त्यानंतर डिले देऊन एमओसी३०४१ या चिपमधून बीटी१३६ ट्रायॅकला फायर करतोय. डिले काहीही दिला तरी पंखा एक तर फुल, नाही तर बंद. मधलं काहीच मिळत नाही. शिवाय मल्टिमीटरचं रीडिंग आणि फॉर्म्युला जुळत नाहीत. सबमिशन जवळ आलंय.

---

तांब्याची_तार

एमओसी३०४१ काढ, एमओसी३०२१ लाव. बाकी मास्तर सांगतील.

---

आयटीआयमास्तर

तारनी नेमकं सांगितलं. बाळा, ३०४१ च्या आतच झिरो क्रॉसिंग सर्किट आहे. व्होल्टेज शून्याजवळ असतानाच तो ट्रायॅकला उघडू देतो. तू लाटेच्या मधे सिग्नल दिलास तरी तो पुढच्या शून्यापर्यंत थांबतो आणि मग पूर्ण अर्धी लाट सोडतो. हीटर ऑन-ऑफ करायला तो उत्तम आहे, कारण रेडिओची खरखर होत नाही. फेज कंट्रोलला लाटेच्या मधेच उघडता यायला हवं, त्यासाठी ३०२१.

डिले १ ते ९ मिलिसेकंदांच्या मधे ठेव. पार १० ला नेलास तर एखादा पल्स पुढच्या लाटेच्या तोंडाशी पडतो आणि पंखा मधेच उसळी घेतो. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीसुद्धा अगदी ५० वर खिळलेली नसते, ४९.९० ते ५०.०५ हा तिचा मान्य पट्टा आहे. आणि इंटरप्टच्या आत डिले लिहू नकोस, टायमर वापर.

मीटरचं असं. साधा मल्टिमीटर लाटेची सरासरी मोजतो आणि लाट गोलच आहे असं धरून तिचा आरएमएस (परिणामी व्होल्टेज) करून दाखवतो. लाट कापलेली असली की तो फसतो. साध्या लोडवर ५ मिलिसेकंदांच्या डिलेला खरं व्होल्टेज १६३ असतं, साधा मीटर ११५ दाखवतो. ६.७ ला खरं १०२, मीटरवर ५७-५८. तुझा फॉर्म्युला बरोबर आहे. आधी बल्ब लावून, ट्रू आरएमएस मीटरने तपास. पंख्यावर आकडे आणखी सरकतील, कारण त्याच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेज शून्य ओलांडून गेलं तरी करंट वाहत राहतो आणि ट्रायॅक तितका वेळ उघडाच राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. या सर्किटवर ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप थेट लावायची नाही. ती क्लिप कॉलेजच्या अर्थिंगला जोडलेली असते आणि तुझं अख्खं सर्किट फेजवर. स्फोट होतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरन्शियल प्रोब माग, नसेल तर स्कोपशिवाय प्रोजेक्ट दे. बीटी१३६ चा धातूचा पत्राही मुख्य टर्मिनलला जोडलेला असतो. त्यावर हीटसिंक लावलंस तर हीटसिंकही जिवंत. बीटीए ने सुरू होणाऱ्या ट्रायॅकचा पत्रा आतून वेगळा केलेला असतो, ते घे.

---

डिप्लोमा_थर्ड_इयर

३०२१ लावला, पंखा हळू झाला! थँक्यू सर, थँक्यू तार दादा. एकच शंका. डिले अगदी कमी, १ मिलिसेकंद ठेवला की पंखा पाचवर जायच्या ऐवजी वाईट आवाज करतो आणि गरम होतो. बल्बला असं होत नाही.

---

आयटीआयमास्तर

हा प्रश्न विचारलास म्हणून शाबासकी. यात इंडक्टिव्ह लोडचं सगळं मर्म आहे.

पंख्याचा करंट व्होल्टेजच्या मागे असतो. व्होल्टेज शून्य झाल्यावर तू १ मिलिसेकंदाने पल्स देतोस, पण त्या क्षणी मागच्या लाटेचा करंट अजून वाहतोय, ट्रायॅक अजून चालूच आहे. तुझा छोटा पल्स वाया जातो. मग करंट शून्य होतो, ट्रायॅक बंद होतो आणि आता पल्सच नाही. ती अर्धी लाट कोरडी गेली. पुढच्या लाटेत मात्र ट्रायॅक आधीपासून बंद, म्हणून पल्स लागतो. म्हणजे पंख्याला एकाच दिशेच्या लाटा मिळतात. मोटारीला हा डीसीच. लोखंड सॅच्युरेट होतं, करंट वाढतो, आवाज येतो, वाइंडिंग तापते. असा फार वेळ चालवू नकोस.

उपाय सोपा: एका छोट्या पल्सऐवजी गेटचा सिग्नल त्या अर्ध्या लाटेच्या जवळजवळ शेवटापर्यंत चालू ठेव, पुढच्या शून्याच्या जरा आधी सोड.

आता गंमत बघ. भिंतीवरच्या स्वस्त रेग्युलेटरला ही अडचण सहसा येत नाही. त्याला न्यूट्रल मिळत नाही, त्याचा कंडेन्सर ट्रायॅकवर पडणाऱ्या व्होल्टेजवरच भरतो. ट्रायॅक चालू असेपर्यंत तिथे व्होल्टेजच नसतं. म्हणजे त्याचं घड्याळ आपोआप करंटच्या शून्यापासून सुरू होतं. चार सुट्या भागांत हे साधलेलं आहे. ज्याने हे प्रथम जमवलं त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

आणि ट्रायॅकला समांतर स्नबर हवाच, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये. करंट शून्य होऊन ट्रायॅक बंद होतो तेव्हा व्होल्टेज आधीच बरंच चढलेलं असतं, ते ट्रायॅकवर झटक्यात येतं आणि गेट नसतानाही तो परत उघडू शकतो. स्नबर हा चढ मंद करतो. कंडेन्सर एक्स२ क्लासचा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला घे. स्नबर न लागणारे ट्रायॅकही मिळतात.

---

डेट्रॉइटकर

इकडे सप्लाय १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, अर्धी लाट ८.३ मिलिसेकंदांची. तत्त्व तेच. इथल्या पंख्यांना बहुधा साखळी असते आणि आत कंडेन्सरच्या स्टेप. बल्बचा डिमर पंख्याला लावू नका असं इथल्या पंख्यांच्या सूचनांत स्पष्ट लिहितात, कारण तो डिमर मोटारीच्या लोडसाठी बनवलेलाच नसतो. भारतातून पंखा आणणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही वेगळी आहेत.

---

वायरमन_कागल

रोज घरोघरी जातो म्हणून फॉल्ट लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल.

नॉब कुठेही असला तरी पंखा फुल फिरतोय, तर ट्रायॅक शॉर्ट. ट्रायॅक गेला की बहुतेक वेळा शॉर्टच होतो. पंखा अजिबात फिरत नाही आणि रेग्युलेटर बायपास केल्यावर फिरतो, तर डायॅक, पॉट किंवा रेझिस्टन्स ओपन. बायपास करूनही हळूच फिरतो, तर रेग्युलेटरला दोष देऊ नका, पंख्याचा २.५ चा कंडेन्सर उतरलाय. चार-पाचवरच सुरू होतो, हाताने ढकलल्यावर पळतो, तरी बहुधा तोच कंडेन्सर, नाही तर बेअरिंग. नॉब बंदकडून सावकाश वाढवताना पंखा एकदम उडी मारून सुरू होतो आणि मग मागे घेतल्यावर हळू होतो, हा फॉल्ट नाही. डायॅक पहिल्यांदा उघडला की कंडेन्सरमधला जुना उलटा चार्ज कमी होतो आणि पुढच्या लाटेला तो लवकर भरतो, त्यामुळे उडी. चांगल्या सर्किटमध्ये दुसरा कंडेन्सर घालून ती कमी केलेली असते.

नवीन बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा लावलात तर जुना रेग्युलेटर काढून सरळ स्विचवर जोडा. त्या पंख्यात आधी एसीचं डीसी होतं आणि त्याचा स्वतःचा कंट्रोल असतो. कापलेली लाट दिली तर तो अडखळतो, लवकर जातो. स्पीड सहसा रिमोटने.

---

शेवईवाली

तार दादा, सुरुवातीपासून वाचतेय. आमच्या बचत गटाची शेवयाची मशीन आहे, अर्धा एचपी, मोटारीच्या पाटीवर १४४० आणि कंडेन्सर स्टार्ट असंच लिहिलंय. मशीन जोरात फिरते, शेवई तुटते आणि पीठ गरम होतं. कुणीतरी डिमर लावा म्हणून सांगितलं होतं, लावला नाही. मग करायचं काय? मोटारीची पुली ३ इंची आहे, मशीनची १२ इंची.

---

तांब्याची_तार

ताई, लावला नाहीत ते फार बरं झालं.

तुमचं मशीन आत्ता ३६० ने फिरतंय, १४४० गुणिले ३ भागिले १२. समजा ते २४० वर आणायचंय. मोटारीला २ इंची पुली लावली तर हिशोब जमतो, पण लावू नका. ए सेक्शनचा पट्टा ३ इंचाखाली नीट बसत नाही, घसरतो आणि लवकर तडकतो. मोटारीची ३ इंची तशीच ठेवून मशीनला १८ इंची पुली लावा, १४४० गुणिले ३ भागिले १८, २४० आले. पट्टा लांब घ्यावा लागेल आणि मोठी पुली फ्रेमला लागत नाही ना हे आधी मोजून बघा. वर फायदा असा की मोटार तिच्या स्वतःच्या वेगाने फिरत राहते, सेंट्रिफ्युगल स्विच जागेवर, आणि मशीनला मिळणारा टॉर्क दीडपट होतो. पीठ घट्ट असलं तरी मोटार दबणार नाही.

---

आयटीआयमास्तर

१८ इंची बसत नसेल तर दुसरा रस्ता: सहा पोलची मोटार. तिचं क्षेत्र १००० ने फिरतं, लोडवर ९६० च्या आसपास. आहे त्याच पुल्यांवर ९६० गुणिले ३ भागिले १२, २४० च येतात. आकाराने थोडी मोठी आणि महाग असते.

---

शेवईवाली

आणि वेग कमी-जास्त करता आला तर? गव्हाच्या शेवयांना एक वेग लागतो, नाचणीच्या पिठाला वेगळा. ऑर्डर दोन्हीच्या असतात.

---

तांब्याची_तार

मग थ्री फेज मोटार आणि व्हीएफडी. व्हीएफडी फ्रिक्वेन्सीच बदलतो, म्हणून क्षेत्रच हळू फिरतं आणि टॉर्क टिकतो. घरातला सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा छोटा व्हीएफडी मिळतो. तो २३० व्होल्टच देतो, आणि पाटीवर ४१५ स्टार लिहिलेली मोटार त्यावर डेल्टात जोडावी लागते (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती). म्हणून मोटार घेताना सहाही टोकं टर्मिनल बॉक्समध्ये बाहेर काढलेली आहेत का ते बघा. तुमच्या आत्ताच्या कंडेन्सर स्टार्ट मोटारीला व्हीएफडी जोडू नका, ती तशीही जळेल. आणि फार हळू, २० हर्ट्झच्या खाली बराच वेळ चालवायची असेल तर मोटारीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, ती तापते. म्हणून नाचणीचा वेग ३० च्या आसपास पडेल अशी पुली निवडा.

खर्च परवडत नसेल तर दोन खोबणींची स्टेप पुली करून घ्या, एकीवर गहू, दुसरीवर नाचणी. मोटार आणि मशीन दोन्हीकडे स्टेप उलटसुलट ठेवली की एकच पट्टा दोन्हीला पुरतो. लेथवाल्याकडे जाताना मोटारीच्या शाफ्टचा व्यास आणि चावीची रुंदी लिहून न्या. मशीनच्या शाफ्टचीही.

---

शेवईवाली

स्टेप पुलीच करतो. रविवारी गटातल्या सगळ्या जणी जमतो तेव्हा माप घेते आणि इथे टाकते. दादा, लेथवाल्याला द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघाल ना?

---

तांब्याची_तार

नक्की बघतो. दोन्ही शाफ्टच्या मधलं अंतरही मोजा, पट्ट्याचा नंबर त्यावरून काढून देतो.